फेब्रुवारी ते ऑगस्ट: चाहत्याचे रिकामे महिने

पत्र (थोडं आटोपतं करून)

ताई, नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा. बरीच वर्षं झाली, शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. नॉर्थ सेंट्रल कॉलेज आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मुलगी लहान असताना एका शनिवारी तिला घेऊन सहज त्यांच्या अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला गेलो आणि तेव्हापासून नाद लागला तो लागलाच. मी एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, बघत नाही, मोठ्या विद्यापीठांचं फुटबॉलही बघत नाही. फक्त हीच टीम.

सीझन असतो तोवर मी आनंदात असतो. फेब्रुवारी उजाडला की काही सुचत नाही. रोज रात्री झोपण्याआधी फोनवर टीमचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडून कोणाचं नाव गेलं ते बघतो. यंदा दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, माझा फार लाडका खेळाडू, दुसऱ्या कॉलेजात निघून गेला. इतका राग आला की इन्स्टाग्रामवर त्याला चार ओळी लिहायला घेतल्या. मुलगी शेजारीच बसली होती. म्हणाली, "बाबा, तो माझ्याएवढा आहे." मेसेज पाठवला नाही, पण झोपही आली नाही. बायको म्हणते, "अहो, त्या पोरांना तुमचं नावसुद्धा माहीत नाही." थोरले बंधू दर वर्षी कोल्हापूरहून विचारतात, कधी येतोस? माझी रजा तर सगळी सीझनमध्येच संपते.

हा नाद मला सोडायचा नाही. पण हे सहा-सात महिने काढायचे कसे? आणि त्या मुलावरचा राग जायला काय करू?

— एक नेपरव्हिलकर

उत्तर

नमस्कार.

नाद सोडू नका. तो मेसेज पाठवला नाहीत हे उत्तम केलंत, आणि तो पुढेही कधी पाठवू नका. या दोन गोष्टी आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल.

तुमची टीम मला परकी नाही. मी ओहायोत राहते आणि इथल्या माउंट युनियनच्या टीमच्या बाजूची आहे. 2022 च्या फायनलमध्ये तुम्ही आम्हाला 28-21 नं हरवलंत आणि 2024 च्या सीझनची फायनल जानेवारी 2025 मध्ये ह्यूस्टनला झाली तेव्हा पुन्हा 41-25 नं. तेव्हा फेब्रुवारीतली ती चुटपुट मलाही ठाऊक आहे. तुमच्याकडे 2023 चीही एक आहे. कॉर्टलंडविरुद्ध शेवटच्या दीड मिनिटात तुमचा टचडाऊन झाला होता, एका गुणाची किक मारून बरोबरी साधता आली असती. तुमच्या टीमनं जिंकण्यासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला, तो फसला आणि 38-37 वर सगळं संपलं. अशा मॅचनंतर पुढची मॅच थेट सप्टेंबरात असते. मन तोवर कुठे ठेवायचं हा प्रश्न खरा आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता त्या मुलाकडे येऊ. पत्रात तुम्ही त्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारलात, पण मला वाटतं झोप उडाली ती त्याच्यामुळेच.

डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे तुमच्या-आमच्या टीम ज्या गटात खेळतात त्यात, खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ते खेळाडूच्या बाजूनं एकदा नीट मांडून बघू. हा मुलगा फी भरून शिकतो. मदत मिळत असेल तर ती मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. हिवाळ्यात उजाडायच्या आत वेट रूममध्ये जायचं, मग वर्ग, मग लॅब, बऱ्याच जणांना वर एखादी छोटी नोकरी, आणि एवढं करून शनिवारी मैदानात उतरायला मिळेलच याची खात्री नाही. रोस्टरवर शंभराहून जास्त नावं असतात आणि एका वेळी खेळतात अकरा. रोस्टर एवढं मोठं का असतं, यालाही कारण आहे. लहान खासगी कॉलेजांना विद्यार्थी मिळवणं अवघड झालंय, आणि फुटबॉलची टीम म्हणजे फी भरणारी शंभर मुलं. तुमचा लाडका मुलगा त्या शंभरातला एक होता. दर वसंतात त्याला, त्याच्या आईवडिलांना, घरच्या हिशेबाला पुन्हा ठरवावं लागतं की पुढचं वर्ष इथेच काढायचं का.

जाण्याची कारणंही आपल्याला दिसत नाहीत. हवा तो विषय इथे नसेल. घरी कोणी आजारी असेल. डोक्याला दोनदा मार लागून डॉक्टरांनी थांबवलं असेल. दुसऱ्या कॉलेजानं जास्त मदत देऊ केली असेल. किंवा नुसतं करमत नसेल, एकोणिसाव्या वर्षी तेही पुरेसं असतं. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी बरेच जण चौथ्या वर्षापर्यंत टिकत नाहीत. हे माउंट युनियनला होतं, तुमच्या जवळच्या व्हीटन कॉलेजला होतं, सगळीकडे होतं.

मला वाटतं, तुमचा राग मोठ्या विद्यापीठांच्या बातम्यांमधून आलाय. टीव्हीवर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, म्हटलं की पैशांचीच चर्चा. कोर्टातल्या तडजोडीनंतर जुलै 2025 पासून डिव्हिजन वनची विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, त्यामुळे तिथे कोण कुठे किती पैशाला गेलं यावर लोक तावातावानं बोलतात. ते रोज कानावर पडलं की आपणही नकळत तेच शब्द वापरायला लागतो: सोडून गेला, दगा दिला. तुमच्या टीममधून गेलेल्या मुलाला नव्या कॉलेजात खेळायचे पैसे मिळणार आहेत की तिथेही तो फीच भरणार आहे, हे एकदा बघा. दुसऱ्या डिव्हिजन थ्री कॉलेजात गेला असेल तर फीच भरणार आहे.

तुमची मुलगी त्याच्याच वयाची. उद्या तिनं कॉलेज बदललं आणि एखाद्या अनोळखी मध्यमवयीन माणसानं रात्री अकरा वाजता तिला रागाच्या चार ओळी पाठवल्या, तर तुम्ही काय कराल? ती एवढं एकच वाक्य बोलली, पण माझ्या या पूर्ण उत्तरापेक्षा नेमकं बोलली. तिला तसं सांगा.

राग जायला एक साधा उपाय आहे. पुढच्या सीझनमध्ये, तुमच्या टीमची मॅच नसेल अशा वेळी, त्या मुलाच्या नव्या टीमची एक मॅच बघा. डिव्हिजन थ्रीच्या बऱ्याच मॅचेस कॉलेजच्या साइटवर दिसतात, अनेक फुकटात. एखादा विद्यार्थी कॉमेंट्री करत असतो, कॅमेरा एकच असतो, वाऱ्यानं हलत असतो. त्यात त्याला शोधा. नव्या रंगाच्या जर्सीत, नव्या नंबरात तो तसाच पळताना दिसला की तुमच्याच तोंडून "शाब्बास" निघेल, असं मला वाटतं. नाही निघालं तर मला पुन्हा लिहा.

आता रोजच्या रोस्टर उघडण्याविषयी. हे मात्र बंद करा, आणि याचं कारण मनाच्या शांतीशी नाही, माहितीशी आहे. वसंतात त्या पानावर जे दिसतं ते बहुधा मागच्या सीझनचंच असतं. कोणाचं नाव कधी काढायचं हे ते पान सांभाळणाऱ्याच्या सवडीवर अवलंबून. आत येणाऱ्या मुलांचंही तसंच. डिव्हिजन थ्रीत मोठ्या विद्यापीठांसारखा बांधून ठेवणारा करार कधी नव्हताच. फेब्रुवारीत एखादा मुलगा टोपी घालून, कागदावर सही करताना फोटो टाकतो, पण तो आनंदाचा कागद असतो, त्याला बंधन नाही. खरी गोष्ट म्हणजे कॉलेजची अनामत रक्कम, तिची नेहमीची तारीख 1 मे. ती भरूनही काही मुलं ऑगस्टात येत नाहीत. टीम कोणती हे सरावाचा कॅम्प सुरू झाल्यावर, ऑगस्टच्या मध्याला, खुद्द कोचलाच कळतं. म्हणजे फेब्रुवारी ते जुलै तुम्ही रोज रात्री जे वाचता त्यात वाचण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा बघा, मग ऑगस्टात बघा. मधे कोच बदलला तर ते तुम्हाला कोणीतरी सांगेलच. जानेवारी-फेब्रुवारीत सहायक कोच इकडून तिकडे जातातच, पगार थोडा असतो आणि प्रत्येकाला वर चढायचं असतं. तुमचा सध्याचा मुख्य कोच ब्रॅड स्पेन्सर याच कॉलेजकडून रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, म्हणून खेळला, आणि त्याच्या आधी जॉन थॉर्न आणि मग त्यांचा मुलगा जेफ थॉर्न, असं दोन पिढ्यांनी ही टीम सांभाळली. इतकी सलगता फार थोड्या कॉलेजांच्या वाट्याला येते. तिचा आनंद घ्या.

मग त्या रिकाम्या रात्रींचं, त्या शनिवारांचं काय करायचं?

पहिली गोष्ट, मैदानावर जा. सीझन संपतो तो फुटबॉलचा, कॉलेजचा खेळ थांबत नाही. आणि तुम्ही ज्या कॉलेजाशेजारी राहता त्याची जुनी कीर्ती फुटबॉलची नाहीच, ती क्रॉस कंट्रीची, म्हणजे मोकळ्या रानातल्या लांब शर्यतींची, आहे. अल कॅरियस या कोचनं पुरुषांच्या क्रॉस कंट्रीत नॉर्थ सेंट्रलला 19 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. फुटबॉलला पहिलं मिळालं ते 2019 मध्ये, व्हाइटवॉटरला 41-14 हरवून. तुमच्या आवडत्या लाल जर्सीमागे ही अशी दुसरी परंपरा आहे, आणि ती बघायला गर्दी अजिबात नसते.

एप्रिलमध्ये मैदानी स्पर्धा सुरू होतात. ट्रॅकच्या स्पर्धेला जाल तेव्हा शर्यतींकडे जरा पाठ करा आणि गोळाफेकीच्या वर्तुळापाशी जाऊन उभे राहा. डिव्हिजन थ्रीत दोन खेळ खेळणारी मुलं खूप, आणि गोळाफेक-थाळीफेकीत फुटबॉलच्या लाइनवरची मुलं हमखास सापडतात. सीझनमध्ये तुम्ही त्यांना हेल्मेटच्या आत, पन्नास यार्डांवरून बघता. इथे ती दहा फुटांवर असतात. मानेवर, जबड्याखाली, गोळा टेकतो तिथे पांढरी पावडर लागलेली. वर्तुळात शिरण्याआधी बुटाचा तळवा पोटरीला पुसायचा, पाठ फेकीच्या दिशेला करून खाली वाकायचं, क्षणभर अगदी स्तब्ध, आणि मग ते सगळं धूड एवढ्याशा वर्तुळात गरकन फिरतं की आपण मागे सरकतो. गोळा पडतो, एक मुलगी टेपचं टोक खड्ड्यात टेकवते, दुसरा आकडा ओरडतो. मुलगा आकडा ऐकून मान हलवतो आणि वर्तुळाच्या मागच्या बाजूनं बाहेर येतो, कारण पुढून आला तर फाऊल. बघणारे म्हणजे घडीच्या खुर्च्यांवर बसलेले पाच-सहा आईवडील आणि तुम्ही. तिथे कोणाशी बोलायची वेळ आली तर त्या आईवडिलांशी बोला. मुलगा काय शिकतोय ते विचारा. ऑक्टोबरात तो क्वार्टरबॅकच्या पुढे उभा राहील तेव्हा तुम्हाला त्याच्याबद्दल असं काही माहीत असेल जे कुठल्याच रोस्टरवर नसतं.

आणि बायको म्हणते ना, त्या पोरांना तुमचं नाव माहीत नाही? नसू दे. आईवडिलांना होईल, एवढं पुरे. खेळाडूंशी मात्र अंतर ठेवा. शाबासकी द्यायची ती मैदानाच्या कडेला, सगळ्यांसमोर. जेवायला नेणं, भेटवस्तू देणं, पुढच्या वर्षी येऊ घातलेल्या एखाद्या मुलाला "आमच्याकडेच ये" असं लिहिणं, यातलं काही करू नका. यावर एनसीएएचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे, नियम आहेत, आणि तुमच्या प्रेमापोटी एखाद्या मुलाला चौकशीला तोंड द्यावं लागायचं. मदत करायचीच असेल तर आधी कॉलेजच्या अॅथलेटिक विभागाला विचारा आणि ते सांगतील तशीच करा.

दुसरी गोष्ट, इतिहास. मला स्वतःला ऑफ-सीझन आवडायला लागला तो यामुळेच, तेव्हा इथे थोडी जास्त बोलेन.

तुम्ही ज्या फायनलसाठी वर्षभर जीव टाकता तिचं नाव स्टॅग बोल. हे एमस अलॉन्झो स्टॅग कोण होते, हे शोधायला तुम्हाला मेट्रा रेल्वेनं युनियन स्टेशन आणि तिथून हाइड पार्क एवढंच जावं लागेल. स्टॅग 1892 ते 1932 शिकागो विद्यापीठाचे कोच होते. त्या काळी शिकागो ही देशातली एक बलाढ्य टीम होती. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची पहिली हाइझमन ट्रॉफी, 1935 ची, मिळाली ती शिकागोच्याच जे बर्वँगरला. आणि चारच वर्षांनी, 1939 मध्ये, विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल बंदच करून टाकलं, कारण त्यांच्या मते विद्यापीठाचं काम ते नव्हे. मैदानाचे स्टँड रिकामे पडले. 2 डिसेंबर 1942 ला त्याच स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडच्या स्टँडखाली, रॅकेटच्या खेळाच्या एका बंदिस्त कोर्टात, एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. आज त्या जागी हेन्री मूर यांचं एक काळपट, गोलाकार शिल्प आहे. आता तिथे मैदान नाही, शेजारी वाचनालय आहे. विद्यापीठानं 1969 मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केलं, आणि आज ते तुमच्यासारखंच डिव्हिजन थ्रीत, शिष्यवृत्तीशिवाय खेळतं.

एके रविवारी बायकोला घेऊन तिथे जा. तिला फुटबॉलमध्ये रस नसला तरी या गोष्टीत वाटेल, आणि तुमच्या शनिवारांमागे काय काय दडलंय ते तिला पहिल्यांदा दिसेल. मुलगी येत असेल तर तिलाही न्या. घरच्या तक्रारीवर मी याहून वेगळा सल्ला देणार नाही. सीझनमध्ये तुमचे शनिवार तुमचे, तर बाकीच्या महिन्यांतले त्यांचे. सीधा हिशेब आहे.

मग ऑगस्टाना. तुमच्याच कॉन्फरन्समधलं, रॉक आयलंडचं कॉलेज. 1983 ते 1986 सलग चार वर्षं त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि 60 मॅचेस हरले नाहीत, 59 जिंकल्या आणि एक बरोबरीत. आजच्या मुलांचे आईवडील तेव्हा शाळेत होते. त्या वर्षांत नॉर्थ सेंट्रल त्यांच्याकडून हरायचं. आज ऑगस्टानाला हरवताना हे ठाऊक असलं की मॅच वेगळी दिसते.

आणि मिनेसोटातल्या सेंट जॉन्सचे जॉन गॅलियार्डी. 1953 ते 2012, साठ सीझन एकाच कॉलेजात. आधीचे धरून 489 विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये आजवर इतके कोणाचेच नाहीत. हा माणूस सरावात टॅकल करू द्यायचा नाही. शिट्टी नाही. खेळाडूंनी त्यांना कोच म्हणायचं नाही, नुसतं जॉन म्हणायचं. मुलांना मुलं म्हणून वागवूनही जिंकता येतं, हे त्यांनी साठ वर्षं दाखवलं. डिव्हिजन थ्रीच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा पुरस्कार त्यांच्या नावानं आहे आणि त्यात अभ्यास आणि समाजातलं कामही धरतात. 2019 मध्ये तो तुमच्या क्वार्टरबॅकला, ब्रॉक रटरला मिळाला होता. गॅलियार्डींबद्दल मिळेल ते वाचा. त्या गेलेल्या मुलावरचा राग अजून थोडा उरला असेल तर तो इथे विरघळेल असं मला वाटतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगायलाच हवी, कारण लहान कॉलेजाच्या चाहत्याला ऑफ-सीझनमध्ये खरी काळजी करायची असेल तर ती याची करावी. कॉलेजंच बंद पडताहेत. तुमच्या इलिनॉयमधलं जॅक्सनव्हिलचं मॅकमरी कॉलेज 2020 मध्ये बंद झालं. मिशिगनचं फिनलँडिया 2023 मध्ये. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न 31 मे 2024 ला बंद झालं, आणि त्याच दिवशी त्यांची बेसबॉल टीम ओहायोत राष्ट्रीय स्पर्धा खेळत होती. ज्या कॉलेजची जर्सी अंगावर, ते कॉलेज त्या दिवसापासून अस्तित्वात नाही, आणि मुलं खेळताहेत. या तिन्ही ठिकाणी फुटबॉल टीम होत्या, आणि दर शनिवारी स्टँडमध्ये येऊन बसणारे तुमच्यासारखे लोक होते. त्यांना आता ऑफ-सीझनच उरलाय.

नॉर्थ सेंट्रल 1861 पासून आहे, ते उद्या बंद पडेल असं मी म्हणत नाही. पण टीमला जीव लावलाय तर थोडा कॉलेजालाही लावा. त्यांच्या विद्यार्थ्यांची नाटकं असतात, गाण्याचे कार्यक्रम असतात, तिकीट काढून जा. शक्य असेल तर शिष्यवृत्तीच्या निधीला दर वर्षी थोडी रक्कम द्या, फुटबॉलच्या नव्हे, सर्वसाधारण निधीला. पुढच्या वसंतात एखादा मुलगा पैशापायी जाणार असेल तर त्याला थांबवायला तीच उपयोगी पडेल. रागाच्या चार ओळींनी कोणी थांबत नाही.

आता कोल्हापूर.

तुम्ही लिहिता, रजा सगळी सीझनमध्ये संपते म्हणून घरी जाणं होत नाही. पत्र वाचताना मी इथे थबकले, कारण तुमच्या दोन्ही अडचणींची तोड तिथेच आहे. तुमचं मैदान थंडीत ओस पडतं तेव्हा राजर्षी शाहू स्टेडियम भरलेलं असतं. कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. आधी केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग आणि मग एकामागून एक चषक. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल. खेळ वेगळा, तिथला चेंडू गोल. पण या सगळ्या तालमींच्या आणि पेठांच्या टीम, खेळणारा मुलगा गल्लीतला, बघणारा त्याच गल्लीतला. नेपरव्हिलमध्ये एनएफएल सोडून कोपऱ्यावरच्या कॉलेजाला तुम्ही जीव लावलात याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. तुम्ही तेच केलंत जे लहानपणी तिथे शिकलात.

म्हणून रजेचा हिशेब बदला. बाहेरगावच्या मॅचेससाठी काढता त्यातल्या दोन-तीन सोडून द्या. जवळच्या व्हीटनला जायला रजा लागत नाही, त्यांच्याशी होणारी लिटल ब्रास बेल या मानचिन्हाची मॅच तशीही शनिवारीच असते. प्लेऑफच्या (बाद सामन्यांच्या) लांबच्या फेऱ्या यंदा फोनवर बघा. 2024 पासून प्लेऑफमध्ये 40 टीम असतात आणि फायनल जानेवारीत जाऊन पोचते, तेव्हा प्रत्येक फेरीला प्रवास करायचा म्हटलं तर कोणाचीच रजा पुरणार नाही. वाचलेले दिवस मार्चसाठी ठेवा. लीगची अखेर आणि चषकांची सुरुवात साधारण तेव्हाच असते. नेमक्या तारखा थोरल्या बंधूंना विचारा, त्यांना पेपरात मिळतील. तिकीट मात्र जानेवारीतच काढा, फायनल संपली की लगेच, म्हणजे फेब्रुवारीत फोनवर उघडायला रोस्टरऐवजी प्रवासाची तयारी असेल. एप्रिलच्या मध्याला परत या, गोळाफेक तेव्हा ऐन भरात असते.